तंबोरा, टक्-टक् आणि कुणीच न लिहिलेलं पहिलं पान

चवथीला आम्ही सगळे केरीला जमतो. पेडण्यातली, तेरेखोल नदीच्या मुखावरची केरी हो; सत्तरीतली वेगळी. यंदा आरत्या आटोपल्यावर पुतणी लॅपटॉप घेऊन सोप्यावर बसली. घरच्या भजनासाठी तिला तंबोऱ्याचा छोटा प्रोग्राम करायचा होता. जाहिरातींनी भरलेलं ॲप नको, मुक्त सॉफ्टवेअर वापरून स्वतः केलेला हवा. पोर बारावीची, पायथन येतं. सूर निघाला, पण मधेमधे टक्-टक्. चार दिवस झगडली, शेवटी "काका, हें म्हाका कळना" म्हणून लॅपटॉप मिटला.

मी तिने वाचलेली माहितीपुस्तिका उघडली. प्रत्येक फंक्शनचं नाव, त्याला काय द्यायचं, सगळं व्यवस्थित. सुरुवात कुठून करायची, ते मात्र कुठेच नाही. म्हणजे शब्दकोश हातात दिला आणि बाराखडी शिकवलीच नाही!

खरं तर गोष्ट एवढीशी. संगणकात आवाज म्हणजे आकडे, सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१००. साऊंड कार्ड ते ओंजळीओंजळीने मागतं, समजा ५१२. म्हणजे पुढची ओंजळ भरायला तुमच्याकडे जेमतेम साडेअकरा मिलिसेकंद. उशीर झाला की टक्! म्हणून त्या जागी फाइल उघडत बसायचं नाही, सगळे सूर आधीच मेमरीत आणून ठेवायचे. आमची पोर दर वेळी डिस्कवरून वाचत होती.

सगळीकडेच अंधार आहे असं नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये ऑडेसिटीचे धडे आहेत, रेकॉर्डिंग शिकायला छान. मिलर पकेट यांच्या प्युअर डेटामधली उदाहरणं तर उघडली की वाजतात. पण स्वतः कोड लिहून आवाज काढायचा म्हटलं, की नवख्याचा हात सुटतो.

भाऊ म्हणाला, "फुकट देतात, वर शिकवायलाही त्यांनीच बसायचं?" त्याचं चुकत नाही. पण आमच्याकडे घुमट शिकायला आलेल्या पोराला आधी झांज देतात, ताल अंगात भिनला की मग घुमट. तेही फुकटच की! आणि मला वाटतं, हे पहिलं पान जाणकाराने लिहूही नये. आपण कुठे ठेचकाळलो होतो ते तो केव्हाच विसरलेला असतो. ज्याला काल ठेच लागली, त्यानेच लिहावं.

दुसऱ्या दिवशी फेरीबोटीची वाट बघताना पुतणीला एवढंच सांगितलं. संध्याकाळी काळी एकचा तंबोरा सलग वाजत होता. म्हटलं, आता कुठे अडलीस ते विसरायच्या आत लिहून काढ. दीड पान झालंय, मराठीत. सध्या 'बफर'ला काय म्हणायचं यावर गाडी थांबलीय. मी 'ओंजळ' सुचवलं, ती म्हणते, "काका, बफरच राहू दे."