कळलं का? मग सांग पाहू!



आपल्या शहापूर-मुरबाडच्या घराघरांत आगरी, ठाकरी, कातकरी अशा कितीतरी बोली बोलल्या जातात. शाळेत मराठी असते. आणि मुरबाडच्या एमआयडीसीत? शेजारच्या मशीनवर हिंदी किंवा भोजपुरी बोलणारा कामगार, तर कागदांवर इंग्रजी! उद्या तुमच्यापैकी बरेच जण अशाच ठिकाणी कामाला लागतील. परीक्षेत प्रश्न कळला नाही तर दोन गुण जातात. मशीनवर सूचना कळली नाही तर बोट जाऊ शकतं.

म्हणूनच १९४८ च्या कारखाने कायद्यात सांगितलं होतं, की सूचनाफलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, मुख्य दरवाजाजवळ लावावेत. पण ज्याला या दोन्ही भाषा येत नाहीत, त्याचं काय? आणि खडखडाटात ओरडून दिलेल्या सूचनेचं काय?

एक दूरचं उदाहरण पाहा. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीजवळ दोन विमानं आकाशात एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं दगावली. कझाकस्तानच्या विमानाला १५ हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, पण ते त्याहून खाली उतरलं. वैमानिकाचं इंग्रजी कच्चं होतं, हेही एक कारण चौकशीत पुढे आलं.

म्हणून नुसत्या ‘हो, हो’वर विसंबू नये. सूचना ऐकली, की ती आपल्या शब्दांत परत सांगायची: “म्हणजे, आधी बटण बंद करू, मग हात घालू. बरोबर?” यात कमीपणा नाही.

पण हे धाडस येतं कुठून? वर्गात कुणाच्या बोलीला आपण हसलो, की ते मूल गप्प बसायला शिकतं. मोठेपणीही ते न कळता मान डोलावतं. खरं तर कातकरी, मराठी, हिंदी अशा तिन्ही भाषा येणारं मूल म्हणजे माणसांमधला पूलच! त्याला हसू नका, त्याच्याकडून शिका.

या आठवड्याचा गृहपाठ: आई-बाबांना विचारा, कामावर कोणकोणत्या भाषा कानावर पडतात? ‘थांब’, ‘धोका’ आणि ‘मला समजलं नाही’ हे त्या भाषांत कसं म्हणतात, ते वहीत लिहा. पालकांनो, तुम्हीही सोबत बसा हं!