लॅपटॉप घेताय? आधी घरचा हिशोब बघा

ॲडमिशन झालं की घरात लॅपटॉपचा विषय निघतोच. दुकानदार गेमिंगचं मॉडेल पुढं करतो, 'कोडिंगला हेच लागतं' म्हणतो आणि वडील हप्त्याच्या कागदावर सही करून मोकळे होतात.

जरा थांबा. सी, जावा, पायथन शिकायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एसएसडी सुरुवातीला पुरते. अँड्रॉइड ॲप करायचं असेल, तर रॅम 16 पर्यंत वाढवता येते का, एवढं विचारा. एआयसाठी जीपीयू लागलाच, तर गुगल कोलॅबवर मर्यादित वेळ फुकट मिळतो. आपल्याकडं लाइटचा भरवसा नाही, म्हणून बॅटरी नीट तपासा. ऑफिसात वापरलेला सेकंडहँड लॅपटॉपही चालेल. फक्त पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या.

आपल्याच आष्टी तालुक्यातले दादासाहेब भगत आठवा. लॉकडाऊनमध्ये त्यांनी गावातल्या गोठ्यातून आपल्या डिझाइन सॉफ्टवेअरचं काम चालवलं.

ऊसतोडीची उचल अजून फिटली नसेल, तर त्यावर गेमिंग लॅपटॉपचा हप्ता चढवू नका. साधा घ्या, पण रोज उघडा. आणि तो येईपर्यंत कॉलेजची लॅब आहेच की!