ॲव्हरेज आणि ओढ : एका खोट्या भांडणाविषयी

“काय ॲव्हरेज देते?” पनवेलात नवी पिकअप दारात आली की नारळ फुटायच्या आधी हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. ज्याच्या घरचा हप्ता आणि मुलांची फी एका डिझेलच्या टाकीवर चालते, तो दुसरं काय विचारणार? पण त्याच गाडीचा मालक चार महिन्यांनी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून माल भरून पुण्याकडे निघतो, खोपोली मागे पडते, गाडी तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर येते, आणि मग तो म्हणतो, “ॲव्हरेज आहे, पण ओढ नाही.” या एका वाक्यातून आपल्याकडे पूर्ण सिद्धांत तयार झाला आहे. ओढ हवी असेल तर डिझेल जाळा, डिझेल वाचवायचं असेल तर चढावर रडा. दोन्ही एका गाडीत मिळत नाही.

हा पूर्वपक्ष मला मान्य नाही. ॲव्हरेज आणि ओढ यांचं वैर आपण मोजमापाच्या चुकीतून लावून दिलं आहे.

चढावरच्या ओढीची अडचण पनवेलला नवी नाही. मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरायचं आणि पुढे बोरघाटाने पुणं गाठायचं, हा जुना प्रघात. 1830 साली घाटातून चाकाच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला. बैलगाडीची चाकं बनवणं हा त्या काळी पनवेलचा नावाजलेला धंदा होता. घाटाच्या पायथ्याशी जास्तीची बैलजोडी जुंपायची आणि चढ संपला की सोडायची, ही रीत आपल्या मुलखाला ठाऊक होती. सपाटीवर चार बैलांना वैरण कोण घालणार? 1863 साली रेल्वे हाच घाट चढली, तेव्हाही हिशेब तोच राहिला. 37 फुटांना 1 फूट अशा चढावर गाडीला मागून ढकलायला कर्जतला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. लोणावळ्याला ती सुटतात. पुढे सोलापूरपर्यंत ते वजन कोणी वाहून नेत नाही. ओढ हवी तिथे हवी तेवढी लावायची, हे शहाणपण बैलाला आणि रेल्वेला जमलं. पिकअपच्या खरेदीत ते हरवलं आहे.

आता साधं गणित मांडतो, कारण या वादात आकड्यांपेक्षा आवाज मोठा असतो. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत उंची सुमारे 500 मीटर वाढते. एक टन वजन तेवढं वर न्यायला जी ऊर्जा लागते ती सुमारे 400 मिलिलिटर डिझेलमधून मिळते. डिझेलमधल्या ऊर्जेचा एक तृतीयांश भाग चाकापर्यंत पोचतो असं धरून हा आकडा काढला आहे. हा फक्त उंचीचा खर्च. रस्त्याचं घर्षण आणि वारा वेगळे. म्हणजे गाडी आणि माल मिळून 3.2 टनांची पिकअप असेल तर उंचीपायी सव्वा लिटरहून थोडं जास्त जाणार. न्हावाशेवा बंदरातून कंटेनर घेऊन आलेला 55 टनांचा ट्रेलर असेल तर 22 लिटर. हा खर्च कुठल्याही कंपनीचं बोधचिन्ह कमी करू शकत नाही. त्याच ट्रेलरला 100 मीटरला 5 मीटर अशा चढावर ताशी 20 किलोमीटरने जायचं तर नुसत्या उंचीसाठी चाकांवर 200 अश्वशक्ती पोचावी लागते. घाटात डाव्या बाजूने सरपटणाऱ्या ट्रेलरवाल्याला शिव्या देणाऱ्यांनी हा आकडा एकदा डोक्यात ठेवावा. तो माणूस आळशी नसतो.

मग इंजिनाने फरक पडतो तो कुठे? तो पडतो या एक तृतीयांशात. डिझेल इंजिन मधल्या फेऱ्यांवर, टॉर्क भरात असताना, ताकदीच्या साधारण तीन चतुर्थांश भारावर सर्वांत काटकसरीने चालतं. लहान इंजिनाची गाडी ओझ्याखाली चढावर आली की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळत राहते. फेऱ्या वाढतात, इंजिनाच्या आतलं घर्षणच डिझेल खातं, पाणी तापतं, क्लच जळतो. शोरूममधलं ॲव्हरेज पायथ्याशीच उतरून जातं. “लहान इंजिन म्हणजे बचत” हे विधान रिकाम्या गाडीपुरतं खरं आहे, आणि रिकामी गाडी फिरवायला कोणी कर्ज काढत नाही.

पण म्हणून दुसऱ्या टोकाच्या लोकांचंही मला पटत नाही. “सगळ्यात मोठं इंजिन घ्या, प्रश्न मिटला,” असं म्हणणारे अमेरिकेतल्या अजस्र पिकअपचे व्हिडिओ दाखवतात. तिथे 8,500 पौंडांहून जास्त एकूण वजनाच्या पिकअपवर इंधनाच्या आकड्याची सरकारी पट्टी लावण्याची सक्तीच नाही; म्हणजे ओढीचा आकडा ठळक आणि डिझेलचा आकडा अंधारात. मोठं इंजिन हलक्या भारावर फिरलं की त्याचंही घर्षण सुटत नाही, डिझेल वाया जातं. समजा, एक पिकअप 1 टन भरून लिटरला 14 किलोमीटर देते आणि रिकामी 17. दुसरी 1.7 टन भरून 11 देते आणि रिकामी 14. कळंबोली ते पुणे 110 किलोमीटर धरू, जाताना भरलेली, येताना रिकामी. पहिलीला टनामागे साडेचौदा लिटरच्या आसपास लागतात, दुसरीला साडेदहा. कमी ॲव्हरेजची गाडी जिंकली! पण त्याच दुसऱ्या गाडीत रोज एकच टन माल मिळत असेल, तर टनामागचा खर्च सतराच्या घरात जातो आणि ती हरते. गाडी तीच, रस्ता तोच, निकाल उलटा. म्हणून लिटरला किती किलोमीटर हा प्रश्न अपुरा आहे. पोचवलेल्या टनाला किती लिटर, परतीची रिकामी खेप धरून, हा प्रश्न विचारला पाहिजे.

इथे एक चलाख आक्षेप येतो, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. टनामागेच मोजायचं तर ओव्हरलोड करा, आकडा आणखी सुधारतो. खरं आहे, डिझेलचा आकडा सुधारतो. मी ते नाकारत नाही. पण पाटे वाढवून गाडी बसायची थांबते, ब्रेक मात्र तेच राहतात. रस्त्याचं नुकसान धुरेवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. हे अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये 1950 च्या दशकाअखेरीस झालेल्या मोठ्या रस्ताचाचणीतून निघालेलं सूत्र आहे. धुरेवर पाचवा हिस्सा जास्त वजन टाकलं की रस्ता दुपटीने खचतो. केंद्राने 2018 साली चार टायरच्या एका धुरेची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली, त्याच सूत्राने धुरेमागे नुकसान दीडपटीहून अधिक झालं. त्या मर्यादेवर आणखी माल चढवणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये दंड आहे आणि जादा टनाला 2,000 वेगळे. वाचवलेलं डिझेल या एका पावतीत जातं. आणि उतारावर ब्रेक तापून धूर निघाला तर पावती फाडायलाही कोणी उरत नाही.

उतारावरून आठवलं ते न्यूट्रल. या समजुतीने माणसं मारली आहेत, म्हणून यावर थांबतो. खंडाळ्याहून खाली येताना गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचतं, असं क्लीनर ड्रायव्हरकडून शिकतो आणि ड्रायव्हर झाला की पुढच्या क्लीनरला शिकवतो. वस्तुस्थिती उलटी आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आजचं इंजिन इंजेक्टर बंद करतं. चाकंच इंजिन फिरवतात, डिझेल थेंबभरही जात नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे न्यूट्रल मारणारा डिझेलही घालवतो आणि इंजिनाचा ब्रेकही. सगळा भार ब्रेकच्या लायनिंगवर येतो, ती तापते, आणि पाय खाली जातो तरी गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये, किंवा एक खालचा गिअर टाकून उतरायचं, ही जुन्या चालकांची शिकवण काटकसरीचीच होती.

मंडन करायचं तर मागणीही स्पष्ट असावी. खरेदीदाराने ॲव्हरेजच्या आधी क्राउन-पिनियनचा, म्हणजे मागच्या धुरेतल्या दातेरी चाकांचा, रेशो विचारावा. तेच इंजिन, पण मागच्या धुरेचा आकडा मोठा असेल तर गाडी चढावर दम धरते आणि सपाटीला जास्त फेऱ्या खाते. आकडा लहान असेल तर उलट. मुंबई-पनवेल-तळोजा एवढंच फिरणाऱ्याला एक रेशो योग्य, रोज घाट चढणाऱ्याला दुसरा. शोरूममध्ये रंग सात दाखवतात आणि हा आकडा सांगत नाहीत, याची मला खरोखर चीड येते. शिवाय महिनाभर वही ठेवावी: भरलेले किलोमीटर किती, रिकामे किती, प्रत्येक खेपेला किती माल. वर्षातून चार वेळा तीन टन न्यायचे असतील तर त्या चार दिवसांसाठी मोठी गाडी भाड्याने घ्यावी. बैलजोडी अशीच तर जोडत होते.

सरकारकडे मागणी आणखी एक आहे. 12 टनांवरच्या वाहनांसाठी इंधनवापराची मानकं 2017 साली अधिसूचित झाली, पण ट्रकची ती चाचणी ताशी 40 आणि 60 किलोमीटरच्या स्थिर वेगाने घेतली जाते. स्थिर वेग! बोरघाटात स्थिर काय असतं? वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यात आहे, वेताळ टेकडीवर, याच घाटाच्या वरच्या अंगाला. तिने पूर्ण पासिंगचा माल भरून प्रत्येक नवी पिकअप आणि ट्रक खोपोलीच्या पायथ्यापासून खंडाळ्यापर्यंत चढवावा आणि रिकामा परत आणावा. किती लिटर आणि किती मिनिटं, हे दोन आकडे वाहनाच्या दारावर, नंबरप्लेटइतक्या मोठ्या अक्षरात, मराठीत छापलेले असावेत.