दिग्दर्शक घडणार कोठे?

'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक २०१२ मध्ये रंगभूमीवर आले. लेखक राजकुमार तांगडे आणि अनेक कलावंत जालना जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांतले, याचे शहरी प्रेक्षकांना मोठे अप्रूप वाटले. दिग्दर्शक नंदू माधव यांच्या कामाची चर्चा त्या मानाने कमीच झाली. वास्तविक लेखन आणि अभिनय गावातही तावून-सुलाखून निघू शकतात. दिग्दर्शन शिकायला संहितेची चिकित्सा, नेपथ्य व प्रकाशयोजनेचे ज्ञान आणि मुख्य म्हणजे चुका करण्यासाठी हाताशी नटसंच लागतो. जालन्याच्या पदवीधराला त्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील नाट्यशास्त्र विभाग जवळचा, अवघ्या साठेक किलोमीटरवर. अन्यथा पुण्याचे ललित कला केंद्र किंवा दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहेच. तेव्हा अडचण प्रवेशापेक्षा परतीची आहे. पदवी घेऊन आलेल्या तरुणाला तालमीची जागा आणि प्रयोगाचा खर्च उचलणारे कोणी नसेल, तर तो मुंबईची वाट धरणारच. औरंगाबादेत जन्मलेली 'जिगीषा' ही नाट्यसंस्थाही अखेर मुंबईतच स्थिरावली. मराठी रंगभूमीला त्याचा लाभ झाला, मराठवाड्याला किती? पदव्युत्तर विद्यार्थ्याचे अंतिम नाटक अंबड, परतूर किंवा घनसावंगीत, तेथील नटांना घेऊनच बसवण्याची अट विद्यापीठाला घालता येईल. त्यासाठी नव्या इमारतीचीही गरज नाही.