अंतर्गळ आणि मच्छरदाणी

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही रेडीस द्विभुज गणपतीच्या दर्शनास गेलों होतों. ही मूर्ति १९७६ सालीं तेथील खनिजाच्या खाणींत सांपडली, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेलच. दर्शन आटोपून ज्या स्नेह्यांकडे उतरलों, त्या घरचे वडील पंक्तीस आले नाहींत. चौकशी करितां कळलें कीं, गेलीं सहा वर्षें त्यांस जांघेंत अंतर्गळ आहे, तो त्यांनीं पट्ट्यानें दाबून ठेविला आहे, आणि ही गोष्ट मुलांनाही नुकतीच समजली. लाजेपायीं आमच्या घरांतून किती दुखणीं अशीं धोतराआड वाढत असतील, कोण जाणे!

पोटाच्या भिंतींतील दुबळ्या जागेंतून आंतड्याचा किंवा चरबीचा भाग बाहेर डोकावतो, तो अंतर्गळ. निजल्यावर तो आंत जातो, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. फारसा त्रास नसलेल्या पुरुषानें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं कांहीं काळ थांबण्यास हरकत नसते. परंतु गांठ आंत जाईनाशी झाली, दुखूं लागली, वांत्या सुरू झाल्या, कीं मग तास मोजावे लागतात. कारण अडकलेल्या आंतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. रेडीच्या बाजूचे लोक अशा प्रसंगीं गोव्यांत बांबोळीकडे धांव घेतात. मध्यरात्रीं तो प्रवास कसा होत असेल, याची कल्पनाच करावी. भगिनींनीं तर जांघेंतील गांठ मुळींच अंगावर काढूं नये. त्यांच्या बाबतींत आंतडें अडकण्याची भीति अधिक असते.

इटलींतील बासिनी यांनीं १८८७ सालीं ही भिंत टांक्यांनीं नीट शिवण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढें ताणून शिवण्याऐवजीं कृत्रिम धाग्याची जाळी लावण्याची पद्धत आली. मात्र जाळीची किंमत गरिबास जड. येथें आमच्या महाराष्ट्राचें नांव येतें. धुळें जिल्ह्यांतील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनीं मच्छरदाणीचें कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरलें, आणि आपल्या सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध केले. ऐकून प्रथम हसूंच येतें. पण युगांडांत ३०२ पुरुषांवर अशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशीं तुलना केली गेली व तिचा अहवाल २०१६ सालीं निघाला. वर्षभरांत स्वस्त जाळीच्या गटांत एकाचाच अंतर्गळ उलटला, दुसऱ्यांत एकाचाही नाहीं. (घरची मच्छरदाणी कापून कोणीं डॉक्टरांकडे नेऊं नये, एवढें सांगणें भाग आहे. कापडाची निवड व शुद्धि हें त्यांचें काम.) पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनीं तर जाळीच टाळून रुग्णाच्या स्वतःच्याच स्नायुपटलाची पट्टी वापरण्याची रीत २००१ सालीं मांडली. पोलंडांत २०८ रुग्णांवर तिची परीक्षा झाली; तीन वर्षांत ही रीत व जाळीची रीत, दोहोंतही दोन-दोनच अंतर्गळ उलटले.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची वार्ता आतां खेड्यांतही पोंचली आहे. मुंबईचे डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनीं १९९० सालीं जे. जे. रुग्णालयांत भारतांतील पहिलें पित्ताशय दुर्बिणीनें काढलें. अंतर्गळही आतां त्या मार्गानें दुरुस्त होतो. भोंकें लहान, दुखणें कमी, कामावर परतणें लौकर. पण त्यासाठीं बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते, आणि शस्त्रवैद्याचा हात त्यांत बसलेला हवा. वृद्धास, विशेषतः हृदय दुबळें असल्यास, जागा बधिर करून केलेली उघडी शस्त्रक्रियाच कित्येकदां अधिक सोयीची. जें नवें तेंच आपणांस हवें, हा हट्ट आम्हांस पटत नाहीं.

हें सारें आम्हीं वडिलांस ओटीवर बसून सांगितलें. ते बराच वेळ पोफळीकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मला बेशुद्ध करणार नाहींत तर!" सहा वर्षें अडलें होतें तें एवढ्यावरच. सोमवारीं मुलानें गाडी काढली.