‘बेताने’ पिणे आणि मेंदू



दारू बेताने घेतल्यास बुद्धी तल्लख राहते, हे गेल्या अंकातील पत्रातले विधान अजिबात पटले नाही. अनेक जुन्या पाहण्यांत आजारपणामुळे दारू सोडलेलेही ‘न पिणारे’ म्हणून मोजले गेले; त्यांच्यापुढे बेताने पिणारे ठणठणीत दिसणारच! ब्रिटनमधील व्हाइटहॉल अभ्यासातल्या 550 जणांच्या पिण्याच्या तीस वर्षांच्या नोंदी मेंदूच्या एमआरआयशी ताडून पाहिल्या गेल्या; निष्कर्ष 2017 मध्ये आले. आठवड्याला 14 ते 21 युनिट, म्हणजे रोज बिअरचा एक मोठा ग्लास घेणाऱ्यांतही, मेंदूतला स्मरणाशी निगडित भाग, हिप्पोकॅम्पस, आक्रसलेला असण्याची शक्यता न पिणाऱ्यांच्या तिप्पट होती. त्याहून कमी पिणाऱ्यांनाही फायदा दिसला नाही. घरातल्या ज्येष्ठांना ‘औषध म्हणून’ रोज पेग घेण्याचा सल्ला कृपया कुणी देऊ नये.

– एक वाचक, सातारा