परसातली गादी



आपली बरीच मंडळी निवृत्तीनंतर अलिबाग, पेण, रेवदंडा अशा जुन्या गावांकडे दोन-तीन महिने राहून येतात. मुक्काम पावसाळ्यात पडला की परसात भाजी लावायची हौस होतेच. मग रोपं पिवळी पडतात आणि लोक आणखी पाणी घालतात! बेरशेबाला वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कोकणात दोन-तीन हजार, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. इथे आपण झाडाला थेंब थेंब पाणी पाजतो, तिथे पाणी घालवावं लागतं.

त्यावर कोकणातला उपाय म्हणजे गादी वाफा. आम्ही जन्मभर वॉर्डात गाद्या घातल्या, म्हणून आम्हाला हे नाव फार पटतं. ओल्या गादीवर पडून राहिलेल्या रोग्याच्या पाठीला जखमा होतात. मुळांचंही तसंच. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. माती चिकचिकीत झाली की हवा जाते आणि मूळ कुजतं.

वाफा मे महिन्यातच करावा. रुंदी तीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो. उंची एक फूट. कडेला जांभ्याचे चिरे लावावेत. साधं लाकूड पावसात कुजतं, नाहीतर वाळवी खाते. चिऱ्यांमध्ये फटी ठेवाव्यात, पाणी निघून जातं. आत माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू. दोन वाफ्यांमध्ये चर हवा, आणि त्याला उतार हवाच. चरात पाणी साचलं तर डास होतात. वर सुका पालापाचोळा पसरावा, पण खोडाला चिकटवू नये. पावसाबरोबर खतही वाहून जातं, म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा थोडं शेणखत द्यावं.

गादीवर भेंडी, माठ, हळद, आलं लावा. शिराळं, पडवळ मांडवावर चढवा. अळू मात्र खाली चराच्या तोंडाशी; त्याला ओल आवडते. गुडघे दुखत असतील तर चिरे आणखी रचून वाफा दोन फूट उंच करा, बाजूला स्टूल घेऊन बसा.

आता नर्सबाईंचं ऐका. पावसाळ्यातल्या चिखलात अनवाणी जाऊ नका. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या बारीकशा चिरेतूनही अंगात शिरतात. मधुमेहवाल्यांना तर जखम झालेली कळतही नाही. गमबूट घाला, नंतर पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्या बघा. ताप दोन दिवसांत येईल किंवा महिन्यानेही. तोवर तुम्ही इस्रायलला परतलेले असाल. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि "मी कोकणात चिखलात काम केलं होतं" हे आपणहून सांगा. इथल्या डॉक्टरला ते कसं सुचणार? वेळेवर औषध मिळालं तर माणूस बरा होतो.

मुलांनो, तुमच्यासाठी एक प्रयोग. दही खाऊन झाल्यावर दोन डबे धुऊन ठेवा. एकाच्या बुडाला भोकं पाडा, दुसरा तसाच. दोन्हींत माती घालून मेथी पेरा आणि रोज सारखंच, भरपूर पाणी घाला. दहा दिवसांनी दोन्ही डबे आजीला दाखवा आणि तिच्या गावी परसात काय काय पिकायचं ते विचारा. तिचं उत्तर लिहून आम्हाला पाठवा.